गोट्याचा धडा

उघडा पडलेला थर

मंजुषाच्या सासरी ‘पाठ’ या शब्दाचा एकच अर्थ आहे. माणसाच्या मागच्या अंगाला असते ती. म्हणून त्या दिवशी शाळेतून घरी फोन लावताना ती जराशी थांबली. ‘माझा पाठ घरी राहिला’ म्हणावं, तर सासरे बंडूजी आधी दचकणार, मग पाठीला काय झालं म्हणून विचारणार आणि शेवटी मलमाची डबी घेऊन मोपेडवर निघणार. तिने शब्द बदलला. घरच्यांना कळेल असा, सोपा घेतला. घात तिथेच झाला.

“मामाजी, माझा धडा घरीच राह्यला. शाळेत आणून देता का?”

“धडा?”

“हो, गोट्यांचा. खाटेखाली...”

जाम गावच्या चौरस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्या मागून दुसरा गेला. शाळा हायवेला लागून आहे. इथली निम्मी वाक्यं ट्रकच नेतात, ‘खाटेखाली’ही त्यांनीच नेलं.

“...जड आहे, सांभाळून आणा.”

“हौ,” बंडूजी म्हणाले. “आणतो न.”

खाटेखाली पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात पाच दगड, हिंगणघाटच्या कॉलेजातून मागून आणलेले, प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी. तो खोका त्या दिवशी खाटेखालून हललाच नाही. गोष्ट मात्र हलली.

धडा (नाम, पुल्लिंगी)

एक. पुस्तकात असतो. वाचायचा, घोकायचा, परीक्षा झाली की विसरायचा.

दोन. माणसाला मिळतो. बहुतेक वेळा उशिरा.

तीन. भाजीच्या तराजूत असतो. मंदाबाई, म्हणजे मंजुषाची सासू, जाम चौरस्त्यावर भाजी विकते. तिच्या तराजूच्या एका पारड्यात लोखंडी घमेलं असतं. ते रिकामं असतानाच समोरच्या पारड्यात बरोबर त्याच्या वजनाचा दगड ठेवायचा, काटा मध्यावर आणायचा, आणि मग घमेल्यात वांगी ओतून दगडाशेजारी मापं टाकायची. म्हणजे गिऱ्हाइकाला घमेल्याचं वजन वांग्याच्या भावात पडत नाही. तो दगड म्हणजे धडा. घमेलं आणि धडा यांची जोडी लागलेली असते. एक बदललं की दुसरं बदलावं लागतं, आणि तसं केलं नाही तर ती बेइमानी.

बाजूच्या सगळ्या भाजीवाल्यांकडे बटनाचे काटे आले. मंदाबाई म्हणते, बटन कोणीही दाबते, गोटा कोणाच्या दाबानं हलका होत नाई.

बंडूजींना धड्याचा पहिला अर्थ माहीत नव्हता असं नाही. पण त्यांच्या घरात धडा आणून दे म्हटलं की गेली कित्येक वर्षं एकच वस्तू आणली जाते. आणि सुनेने तर स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. गोट्याचा. जड आहे.

दाब

आता मंजुषाचं यात काय अडलं होतं ते सांगितलं पाहिजे.

ती तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. म्हणजे तास घेतला तर शिक्षिका, नाहीतर नाही. येत्या जूनपासून संस्था भूगोलाला एकच माणूस ठेवणार होती, आणि माणसं होती दोन. दुसरे पियुष सर. त्यांचा नमुना पाठ आदल्या दिवशी झाला. त्यांनी मोठ्या पडद्यावर ज्वालामुखी फोडला, तोही आवाजासकट. शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर पळाली. मुख्याध्यापक महादेवराव इतके खूश झाले की त्यांनी ज्वालामुखी दोनदा फोडायला लावला.

पारख करायला वर्ध्याहून मीरा मॅडम आल्या होत्या. भूगर्भशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत काहीतरी लोखंडी वस्तू, जी बाकावर ठेवताना ठण्ण वाजली. पियुष सरांच्या ज्वालामुखीवर त्या काही बोलल्या नव्हत्या. फक्त आवाज कमी करा म्हणाल्या.

मंजुषाला विषय वाटून आला होता, लोहखनिजांचे साठे. पडदा तिला जमला असता, पण दगड मुलांच्या हातात द्यायचे असं तिने ठरवलं होतं. जे शिकवायचं ते हातात बसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. हा तास बिनसला तर जूनपासून हिंगणघाटच्या शिकवण्या, जिथे भूगोल कुणी लावत नाही. नवरा हेमराज तहसीलमध्ये बाबू. तो म्हणाला होता, नाई झालं तं नाई झालं, घर चालतेच. घर चालतं हे तिलाही माहीत होतं. तिला वर्ग चालवायचा होता.

लाल, करडा, लाल

ज्या दगडाची ही गोष्ट आहे त्याच्या अंगावर पट्टे आहेत, एक लाल, एक करडा. पुढचा भागही तसाच सांगतो. लाल पट्टे शाळेतले. करडे जाम चौरस्त्यावरचे. ते मंजुषाने पाहिले नाहीत, संध्याकाळी सासूने सांगितले आणि सासऱ्यांनी मधे मधे दुरुस्त केले.

*लाल.* घंटा झाली, खोका आला नाही. मीरा मॅडम मागच्या बाकावर, शेजारी महादेवराव. त्यांच्या गालात सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा, त्यामुळे ते आजच्या दिवशी कमी बोलणार होते. मंजुषाने टेबलावर बादली ठेवली. काल संध्याकाळी खुशी नावाच्या मुलीकडून शाळेच्या बोअरचं पाणी भरून घेतलं होतं. काल पाणी काचेसारखं होतं, आज वर तांबूस साय आणि तळाशी गंजाचा गाळ. रात्री यात गंज कोणी टाकला, तिने विचारलं. मुलांनी चपराशाचं नाव घेतलं. कोणीच टाकला नाही, ती म्हणाली, लोखंड आधीपासून पाण्यात होतं, विरघळलेलं, म्हणून दिसत नव्हतं. रात्रभर हवा लागली, त्याचा गंज झाला, जड झाला, खाली बसला. आता बादलीऐवजी समुद्र धरा. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा. पाणी नितळ आणि पोटात लोखंड. मग त्या पाण्यात बारीक जीव आले आणि त्यांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली. आख्खा समुद्र गंजला. गंज तळाशी बसला, त्यावर गारगोटीचा थर, पुन्हा गंज, पुन्हा गारगोटी. जगातले सगळ्यात मोठे लोखंडाचे साठे म्हणजे त्या बादलीचा तळ.

*करडा.* “काऊन व, धडा कुठी हाये?” बंडूजींनी मोपेड उभी करत विचारलं.

“घमेल्यासमोर. दिसून नाई राह्यला?”

“दे इकडे. शाळेत पायजे.”

“शाळेत काय वांगे मोजून राह्यले?”

बंडूजी म्हणाले की ते त्यांनाही माहीत नाही, पण सुनबाईच्या नोकरीचा दिवस आहे, तिने फोन करून मागितला आहे आणि शिकलेल्या लोकांना कधी काय लागेल ते सांगता येत नाही. मंदाबाईने क्षणभर गिऱ्हाइकांच्या रांगेकडे पाहिलं. मग घमेलं उतरवलं.

“मंग तराजूबी घेऊन जा. नुसत्या धड्यानं काय मोजन थे?”

*लाल.* समुद्र सोडून मंजुषा स्वयंपाकघरात शिरली. वरण निवलं की डाळ खाली बसते, पाणी वर राहतं. जमिनीच्या पोटात खडक वितळलेला असतो, तो निवताना लोखंडाचे जड दाणे तसेच तळाशी जमतात, हा दुसरा प्रकार. चहा गाळला की गाळणीत उरतो तो चोथा. उष्ण मुलखात पाऊस खडकातलं बाकी सगळं धुऊन नेतो आणि लोखंड मागे उरतं, लाल जांभा, हा तिसरा. चौथ्याला तिने उदाहरण शोधलं आणि ते तोंडातून निघूनही गेलं. चुना आणि कात एकत्र आले की काय होतं? मुलं एका सुरात म्हणाली, लाल होते. तसंच, ती म्हणाली, जमिनीखाली चुनखडीला तापलेला रस भिडतो, दोघांची खटपट होते आणि तिथे लोहखनिज जमतं. सगळ्या वर्गाने मान वळवून मुख्याध्यापकांच्या गालाकडे पाहिलं. महादेवरावांनी गाल बदलला.

मीरा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, दगडांच्या तासाला एकही दगड नाही?”

*करडा.* “वांगे द्या न, मावशी.”

“थांब. धडा शाळेत गेला.”

“तुमचा धडा शाळेत गेला?”

“हौ. मी नाई गेली कधी, थो गेला.”

रांग हसली, पण हलली नाही. एकाने म्हटलं, अंदाजानं द्या. मंदाबाई म्हणाली, अंदाजानं घ्यायचं असन तं बाजूच्या दुकानी जाजो.

*लाल.* दगड येतायत, मंजुषा म्हणाली. आणि दार वाजलं.

दारात बंडूजी. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर तराजू, पारडी एकमेकांवर आपटत होती, आणि पोटाशी धरलेला कवठाएवढा गोटा. घरात तिला मंजू म्हणतात. इथे त्यांनी वर्गाकडे पाहिलं, मागच्या पाहुण्यांकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले,

“मॅडम, तुमचा धडा.”

वाहून आलेला

वर्ग फुटला. मुलं बाकावर पडून हसली. मंजुषाला एका दमात सगळं कळलं, फोन, ट्रक, पाठ, धडा. आता हसावं की रडावं हे ठरवायला वेळ नव्हता. तिने हात पुढे केले आणि गोटा घेतला.

दर रविवारी ती सासूच्या शेजारी बसते. हा गोटा तिने शंभरदा उचललाय, ठेवलाय, पुसलाय. पण दर वेळी तो धडा होता. दगड म्हणून तिने त्याच्याकडे आज पहिल्यांदा पाहिलं. हाताळून गुळगुळीत झालेला. एका अंगाला तळव्याच्या घामाने काळा. आणि काळ्याखाली, बोटाने पुसल्यावर, पट्टे. पोलादी करडा, गेरूसारखा लाल, पुन्हा करडा.

खोक्यातल्या पाचांतही असा चांगला एक नव्हता.

तिने एका मुलाला मैदानावरून तेवढाच काळा गोटा आणायला पिटाळलं. तराजू खिडकीच्या गजाला अडकवला. एका पारड्यात मैदानावरचा काळा, दुसऱ्यात धडा. सोडताक्षणी धड्याचं पारडं भिंतीवर आदळलं आणि काळा गोटा उडी मारून खुशीच्या मांडीत पडला.

“सारखे दिसतात,” मंजुषा म्हणाली, “पण एकाच्या पोटात लोखंड आहे.”

मुलं रांग लावून दोन्ही गोटे दोन हातांत घेऊ लागली. मीरा मॅडम उठल्या, रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी धडा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली दिला नाही.

“हा कुठला?” त्यांनी विचारलं.

मंजुषाला माहीत नव्हतं. बंडूजींना होतं. आधीचा धडा म्हणजे अर्धी वीट होती, ती एकदा पाण्याने भिजली आणि जड झाली. मंदाबाई दुसरा गोटा शोधत होती. तेवढ्यात चंद्रपूरकडून आलेला एक लाल मातीने माखलेला ट्रक चौरस्त्याच्या ब्रेकरवर उधळला आणि हा खाली पडला. घमेल्यासमोर ठेवून पाहिला, तर काटा बरोबर मध्ये.

“घमेलं लोखंडाचं, धडा बी लोखंडाचा,” बंडूजी म्हणाले. त्यांना त्यात नवल काही वाटत नव्हतं.

खुशीने हात वर केला. “मॅडम, मंग हा कोणत्या प्रकारचा साठा?”

“ट्रकजन्य,” मागून कोणीतरी म्हणालं.

मंजुषा हसली, आणि मग थांबली, कारण उत्तर तितकं वाईट नव्हतं. आपल्या पायाखाली काय आहे, तिने विचारलं. काळा दगड, लाव्ह्याचा. मग हा पट्ट्यांचा इथला कसा असेल? जे इथलं नाही ते कुठूनतरी आलेलं असतं. नदीही हेच करते. तांदूळ रोळताना खडे जसे भांड्यात मागे राहतात, तसे जड दाणे वळणावर मागे ठेवून ती पुढे जाते, तोही एक साठाच. फरक एवढाच की नदीला ब्रेकर नसतो.

हातोडी

मीरा मॅडमनी पिशवीतून ती ठण्ण वाजणारी वस्तू काढली. दगड फोडायची हातोडी, एक टोक चपटं, एक अणकुचीदार. दगड ओळखणाऱ्यांची रीतच ती. वरचं अंग हवेने, पाण्याने, हाताने बदललेलं असतं, ते खोटं बोलतं. एक टवका उडवायचा आणि आतलं ताजं अंग बघायचं.

“एक टवका काढू या,” त्या म्हणाल्या. डोळे एखाद्या लहान मुलीसारखे चमकत होते.

“काढा न, मॅडम,” महादेवराव उत्साहाने म्हणाले. “गोट्याले काय तोटा?”

बंडूजी एकदा हातोडीकडे पाहत होते, एकदा सुनेकडे. तिच्या नोकरीचा दिवस होता. त्यांनी दुपट्टा काढला आणि पुन्हा बांधला.

मंजुषाने गोट्यावर हात ठेवला.

“हातोडी नको, मॅडम.”

“काय?”

“टवका नको. हा दगड नाही, धडा आहे.”

महादेवराव मधे काही सांगू लागले, पण खर्रा आडवा आला. मंजुषा बोलत राहिली. टवका गेला तर हा हलका होईल, समोरच्या घमेल्यात तेवढं वांगं कमी पडेल आणि ते गिऱ्हाइकाचं जाईल. कोणाला कळणार नाही. पण आत्याबाई, माझ्या सासूबाई, हा दिलेल्या शब्दासारखा जपतात, आणि तो मी शाळेत आणून फोडला असं होईल.

बाहेरून एक ट्रक गेला. जूनचा महिना त्याच ट्रकमध्ये बसून निघाला, असं मंजुषाला वाटलं.

“आजवर मी डोंगर फोडले,” मीरा मॅडम म्हणाल्या. “दगडाने कधी नाही म्हटलं नव्हतं.” त्यांनी हातोडी खाली ठेवली. “मग ताजं अंग न बघता तुम्ही मला हे कसं सिद्ध करून दाखवणार?”

“कस लावून.”

संडासाच्या नव्या बांधकामातून फरशीचा तुकडा आला. तो उलटा केला, खरखरीत पांढरी बाजू वर. मंजुषाने धड्याचं पोलादासारखं करडं अंग फरशीवर एकदा ओढलं. करड्या दगडाने लालभडक रेघ काढली, ताज्या गेरूसारखी. मुलांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. बाहेरून काही असो, ती म्हणाली, घासलं की हेमेटाइट, म्हणजे हे लोहखनिज, लालच बोलतं.

सगळ्यांना रेघ ओढायची होती.

“जास्त घासू नका बरं,” बंडूजी घाईने म्हणाले. “थो आमचा हाये.”

चोथा

सगळं धुऊन गेल्यावर उरतं ते असं.

तास संपला. कोणी काही सांगितलं नाही. महादेवराव जाताना ‘बघू’ म्हणाले, आणि ‘बघू’ हा शब्द कोणत्या थरातला आहे ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. मंजुषा तराजू मांडीवर घेऊन सासऱ्यांच्या मोपेडवर मागे बसली. धडा पुढे, बंडूजींच्या पायांमध्ये.

मंदाबाईची अर्धी रांग अजून तिथेच होती. तिने तराजू टांगला, घमेलं चढवलं, समोर धडा ठेवला, आणि एक डोळा मिटून काट्याकडे पाहिलं. बंडूजींना काटा मध्यावर दिसला. मंजुषालाही. मंदाबाईला दिसला नाही.

“घासला काय?”

“थोडासा,” मंजुषा म्हणाली.

“किती जणानं?”

बंडूजींनी सगळ्या वर्गाने असं सांगून टाकलं, रेघ भल्ली लाल निघते म्हणून. मंदाबाईने धडा हातात घेऊन झुलवला, बोटाने घासलेली जागा चाचपली. मग ढिगातून एक हिरवी मिरची उचलली आणि धड्याशेजारी पारड्यात ठेवली. काटा केसभर हलला. आता तिला बरं वाटलं.

मागून एक गाडी थांबली. मीरा मॅडम उतरल्या. मंदाबाई त्यांना ओळखत नव्हती. तिच्या लेखी त्या बूट घातलेलं एक गिऱ्हाईक. त्यांनी वांगी मागितली, ती तिने निवडून घमेल्यात टाकली. मॅडम वांग्यांकडे पाहत नव्हत्या.

“ती मिरची कशाला, बाई?”

“धडा शाळेत गेलता. घासून आला. गिऱ्हाइकाचं काऊन जावं?”

मीरा मॅडमनी मंजुषाकडे पाहिलं. मग पुन्हा मिरचीकडे. वांगी पिशवीत घेतली, हातोडीच्या शेजारी. जाता जाता, जसं काही राहिलेलं आठवलं अशा सुरात म्हणाल्या, “महादेवरावांना सांगून आले. भूगोल तुमच्याकडेच राहील. पडदा हवा असेल तर पियुष सरांकडून मागून घ्या, पण आवाज बंद ठेवा.” आणि थोडी कोथिंबीर, इथल्या भाषेत सांभार, फुकट मागून घेऊन गाडीत बसल्या.

“काय म्हंते थे बाई?” मंदाबाईने विचारलं. “सांभार तं घेऊन गेली.”

“म्हंते, मले ठेवून घेतलं.”

“कुठी?”

“शाळेत, आत्याबाई.”

मंदाबाईने मान हलवली, पुढच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं, आणि मग मान न वळवता सुनेला म्हणाली की आता धडा लागला तर आधी विचारून नेजो, रांग उभी राह्यते.

खोका दोन दिवसांनी हिंगणघाटला परत गेला. त्यात चारच दगड होते. जांभा सापडला नाही. तो नंतर खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली मिळाला, बंडूजींनी चिठ्ठीसकट बसवला होता.

आणि मिरची अजून आहे. ती वाळली की हलकी होते, म्हणून मंदाबाई रोज सकाळी ताजी ठेवते.